चाक आत अडकलंय

प्रिय गड्या,

महिनाभर तुझ्या प्रत्येक फोनला मी 'गडबडीत आहे, नंतर बोलतो' म्हणतोय. गडबड कसली नव्हती, हे तू ओळखलंच असशील. तोंड दाखवायला जागा नव्हती. तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, गोळ्या चालू. आता खरं सांगतो. आपल्या मॉडेल ट्रकसाठी तू हाताने केलेलं चाक, ज्याचा साचा मी घेत होतो, ते सिलिकोनच्या ठोकळ्यात गाडलं गेलंय, आणि गाडणारा मी आहे.

शिव्या देऊन झाल्या? मग पुढे वाच.

साच्याची पहिली बाजू मी अगदी तुझ्या शिस्तीने केली रे. माती बिनगंधकाची घेतली. मागे गंधकवाल्या मातीत प्लॅटिनमचं (म्हणजे प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टने घट्ट होणारं) सिलिकोन ओतून आपण चार दिवस त्या चिकट डिंकाकडे बघत बसलो होतो, ते अजून डोळ्यांपुढे आहे. या वेळी सिलिकोन टिनचं होतं, त्याला गंधकाचं तेवढं वावडं नाही, पण एकदा दुधाने तोंड पोळलेला माणूस मी. चाक टायरच्या मधल्या रेषेपर्यंत मातीत बसवलं. २९ मिलिमीटरचं एवढंसं चाक, पण त्याच्या कडेने दातकोरणीने माती सपाट करायला दोन तास गेले. टायरवर तू चिकटवलेल्या ४४ पट्ट्या, प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये माती घुसलेली, आणि प्रत्येक ठिकाणी श्वास रोखायचा. साच्याचे दोन भाग नेमके जुळावेत म्हणून ब्रशच्या मागच्या टोकाने चार खुणेचे खड्डे केले. आधी ब्रशने पातळ थर दिला, मग उंचावरून बारीक धार, एकाच कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी उलटवून माती काढली. एक बुडबुडा नाही! पट्टीवर तुझी कानस एका जागी घसरलीय ना, तो ओरखडासुद्धा उतरला असणार. त्या क्षणी तुला फोन करणार होतो.

तेवढ्यात तुझाच आला.

व्हॅसलीनची डबी उघडी होती, ब्रश हातात होता. सिलिकोन कशालाही चिकटत नाही, फक्त सिलिकोनला चिकटतं, हे वाक्य तू मला इतक्यांदा ऐकवलंयस की झोपेतही म्हणेन. आपण चाळीस मिनिटं बोललो. तू बदलीचं सांगत होतास, मी हं हं करत होतो. परत आलो तर डबी उघडी, ब्रश बाजूला. म्हणजे लावून झालं, असं मी धरून चाललो. कॅटॅलिस्ट मोजला, ढवळलं, ओतलं.

दुसऱ्या दिवशी भिंती काढल्या, तर फट कुठे आहे तेच दिसेना. नखाने चाचपलं, पात्याच्या टोकाने चाचपलं. पांढरा, गुळगुळीत, एकसंध ठोकळा. साबणाची नवी वडी असावी तसा.

तुझ्यावर ढकलत नाहीये. थोडंसं ढकलतोय.

आता तू म्हणशील, काप की. कडेने नागमोडी कापत जा, वाकडीतिकडी चीर उलट बरीच, दोन्ही भाग आपोआप जागेवर बसतात. एवढं मलाही कळतं. ठोकळ्याला बाहेरून टायरपर्यंत कापणं अवघड नाही. पण मधल्या तबकडीत तू पाच लंबगोल भोकं पाडलीयस. पहिल्या वेळी त्यांत माती होती. ती मी मोठ्या निगुतीने कोरून काढली, दुसऱ्या बाजूचं सिलिकोन त्या भोकांतून खाली गेलं आणि खालच्याला चिकटलं. म्हणजे चाकाच्या पोटातून सिलिकोनचे पाच खांब आरपार गेलेत. तिथे पातं पोचत नाही. ओढून तोडावे लागतील. आणि दोन भोकांमधली काडी अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिकची आहे. आधी खांब तुटेल की काडी?

रोज रात्री ठोकळा हातात घेतो. विजेरी लावून बघितली, काही दिसत नाही. दाबला की आत काहीतरी कडक लागतं.

तू नेहमी म्हणायचास, साच्यातून काढलेलं चाक म्हणजे नक्कल, ट्रकची सातही हातानेच करायची. मी म्हणायचो, मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, असतो कशासाठी? शेवटी तू एकच केलंस आणि म्हणालास, 'दुसरं माझ्याच्याने होणार नाही, बाकीची तू ओत.' माझा विजय झाला होता तो, गड्या! त्या तोफेच्या नळीवरून झालेल्या भांडणाची फिटंफाट. (त्या भांडणात तू बरोबर होतास. दुसऱ्याने विकायला केलेला भाग ओतून मित्रांत वाटणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. पण दोन महिने अबोला धरायचं कारण नव्हतं.)

परवा आणखी एक विचार आला, सांगायची लाज वाटते. चीर पाडून ॲसिटोन सोडलं तर आतल्या पॉलिस्टायरीनचा लगदा होईल, तो काढून टाकला की साचा मोकळा. त्यातून सात चाकं निघतील, रेझिन फेसाळलं नाही तर. रेझिनच्या आयसोसायनेटवाल्या बाटलीचं (ते हवेतला ओलावा ओढून फेसाळतं) झाकण पावसाळ्यात उघडं ठेवण्याचा मूर्खपणा मी पुन्हा करणार नाही; मागच्या खेपेचे भाग फुगून स्पंज झाले होते. सात चाकं, ट्रक पुरा, तुला कळलंही नसतं. मास्टर हरवला म्हणून सांगितलं असतं. ॲसिटोनची बाटली टेबलावर आणली आणि परत नेऊन ठेवली.

काल इथवर लिहून झोपलो. आज एक कोपरा कापून पाहिला, चाकापासून लांबचा. टिनचं सिलिकोन तसं लवकर फाटतं, एरवी त्याच्याच नावाने मी बोटं मोडतो. म्हणजे खांब तुटतील अशी आशा आहे. सगळा प्रश्न ओढायच्या दिशेचा आहे, आणि ते फक्त तुलाच माहीत. रिमला आतून बारीक कड आहे ना, तबकडी त्या कडेवर तू समोरून टेकवलीस की मागून? मागून बसवली असेल तर मागच्या बाजूला ओढल्यावर फार तर तबकडी अख्खी निघून येईल, मग पुन्हा चिकटवता येईल. उलट ओढलं तर ती कडेवर दाबली जाऊन काड्या मोडतील. माझ्याकडच्या फोटोत कळत नाही. आणि आसाची पितळी तार किती बाहेर ठेवलीयस?

नव्या घरात सामान लागलं का? लेकीला नोकरी लागली हे त्या दिवशी ऐकलं होतं, पण अभिनंदन करायचं राहूनच गेलं, तेही त्याच फोनमध्ये. तिला आणि वहिनींना सांग.

फोन करू नकोस, माझ्या हातात पातं असलं तर? कागदावर चाकाचा आडवा छेद काढ आणि फोटो पाठव. समोरची बाजू कुठली ते बाण काढून लिही, तुझं 'वर-खाली' मला कधी कळलेलं नाही. ठोकळा खणात ठेवलाय. चित्र येईपर्यंत त्याला पातं लावत नाही.

तुझाच,
व्हॅसलीन विसरलेला