६३, रू द मोंसो

पॅरिस, रविवार

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबा एक वाक्य बोलले, ते माझ्या मनातून जाईना. युद्धाच्या काळात इथल्या ज्यूंचे काय झाले ते मी सांगत होते, आणि बाबा सहज म्हणाले, "गरिबांचे हाल झाले असतील, पण बँकाच ज्यांच्या मालकीच्या होत्या त्यांना कोण हात लावणार?" छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे. फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

इथे मोंसो नावाची एक बाग आहे आणि तिला लागून, रू द मोंसो या रस्त्यावर, ६३ क्रमांकाचा वाडा आहे. मोईझ द कामोंदो या बँकरने तो १९११ ते १९१४ या काळात बांधून घेतला. घराणे मूळचे इस्तंबूलचे. १८०२ साली तिथल्या गलाता भागात त्यांची पेढी निघाली, पुढे ती ऑटोमन सरकारला कर्ज देण्याइतकी वाढली, आणि १८६९च्या सुमारास बिऱ्हाड पॅरिसला आले तेव्हा मोईझ नऊ वर्षांचा होता. लोक या घराण्याला 'पूर्वेचे रॉथशिल्ड' म्हणत. हेच नाव मुंबईच्या ससून घराण्यालाही मिळाले होते. बाबा दुपारच्या सुट्टीत ज्या डेव्हिड ससून ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला जात, त्याच ससूनांना.

वाडा आता संग्रहालय आहे. आई, खालच्या मजल्यावरचे स्वयंपाकघर पाहून तुझी आठवण झाली: तांब्याची भांडी ओळीने लावलेली आणि मधोमध बिडाची अजस्र शेगडी. वरच्या मजल्यावर सेव्ह्र या फ्रेंच कारखान्याच्या चिनी मातीच्या थाळ्या आहेत. प्रत्येक थाळीवर वेगळा पक्षी रंगवलेला आणि त्याचे नाव मागच्या बाजूला लिहिलेले. सगळे लाकूडसामान अठराव्या शतकातल्या फ्रान्सचे आहे. इस्तंबूलची किंवा ज्यू धर्माची एखादी खूण मी शोधत होते, मला तरी ती दिसली नाही. हा माणूस फ्रेंचांपेक्षा अधिक फ्रेंच व्हायला निघाला होता असे वाटते, आणि त्याला तसे व्हावेसे का वाटावे यालाही कारण होते. १८८६ साली ज्यूद्वेषाने भरलेला एक दोनखंडी ग्रंथ पॅरिसमध्ये प्रचंड खपला होता, आणि बँकर ज्यूंनी देश गिळला हा त्याचा मुख्य सूर होता. पुढे १८९४ साली ड्रेफस या ज्यू सैन्याधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली देशद्रोही ठरवले गेले, आणि तो कलंक पुसला जायला बारा वर्षे लागली.

मोईझचा एकुलता एक मुलगा निसिम पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या वायुदलात होता. ५ सप्टेंबर १९१७ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो फ्रान्सच्या पूर्वेकडच्या लॉरेन प्रांतावरच्या हवाई लढाईत मारला गेला. पेढी पुढे चालवायची ज्याच्यासाठी, तोच गेल्यावर मोईझने ती गुंडाळली आणि उरलेले आयुष्य हा वाडा सजवण्यात घालवले. १९३५ साली तो वारला तेव्हा वाडा आतल्या सगळ्या सामानासह देशाला गेला. अट एवढीच, की मुलाचे नाव द्यावे आणि कोणतीही वस्तू जागची हलवू नये. १९३६ साली संग्रहालय उघडले.

मागे उरली मुलगी बेआत्रिस, तिचा नवरा लेओं रेनाक, आणि त्यांची मुले फानी व बेर्त्रां. ऑक्टोबर १९४०मध्ये, फ्रान्स जर्मनांपुढे हरल्यावर त्यांच्याशी हातमिळवणी केलेल्या विशीच्या फ्रेंच सरकारने, ज्यूंविषयीचा पहिला कायदा केला. बाबा, हा कायदा फ्रेंच सरकारने स्वतःहून केला होता, जर्मनांनी तो करायला लावला नव्हता. पुढच्या वर्षी ज्यूंची मालमत्ता इतरांच्या ताब्यात देण्याचा कायदा आला. बेआत्रिसकडे तिची आई ईरेन हिचे, चित्रकार रेन्वारने १८८० साली काढलेले बालपणीचे चित्र होते. ते नाझींनी उचलून नेले आणि ते हिटलरचा साथीदार गोअरिंग याच्या हाती गेले. लेओंने अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. जमेची बाजू पाहिली तर एवढी भक्कम कोणाची नसेल: सासऱ्याचा वाडा देशाला, मेहुणा देशासाठी मेलेला, सासऱ्याचा चुलतभाऊ इझाक याचा चित्रसंग्रह १९११ सालापासून लूव्हरला, आणि लेओंच्या वडिलांचे समुद्रकाठचे केरिलोस हे घर १९२८ साली फ्रान्सच्या विद्वत्संस्थेला दिलेले. बाबांच्या भाषेत सांगायचे तर खात्यावर इतकी शिल्लक असूनही चेक वटला नाही.

बेआत्रिसने कॅथलिक धर्म स्वीकारला होता आणि आपल्याला काही होणार नाही अशी तिची समजूत होती. डिसेंबर १९४२मध्ये तिला आणि फानीला अटक झाली. चौघेही पॅरिसजवळच्या द्राँसीच्या छावणीत पोहोचले. २० नोव्हेंबर १९४३ रोजी लेओं आणि दोन्ही मुलांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवले, ७ मार्च १९४४ रोजी बेआत्रिसला. मुलांची वये तेव्हा तेवीस आणि वीस होती. छावणी मुक्त होण्याच्या काही आठवडे आधी, जानेवारी १९४५मध्ये, बेआत्रिस मरण पावली. कोणीही परत आले नाही.

चित्र मात्र परत आले. ते आणि मुलीची मालमत्ता युद्धातून वाचलेल्या ईरेनकडे वारस म्हणून गेली. तिने ते विकले, आणि ते शेवटी जर्मनीला तोफा विकून श्रीमंत झालेल्या ब्युर्ले या स्विस कारखानदाराच्या संग्रहात गेले. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

बाबा, रागावू नका, पण तुमच्या वाक्यातला दुसरा भागही मला टोचला. फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना छावण्यांत पाठवले गेले, आणि त्यांतले साधारण अडीच हजार परतले. त्यांत पोलंडहून आलेले शिंपी, चांभार, फेरीवाले असे लोक फार होते. बँक त्यांनी बाहेरूनच पाहिली असेल. व्यंगचित्रांत मात्र सगळ्यांच्या हातात सोन्याची थैली दाखवलेली असे. चार बँकरांच्या नावावर द्वेष पोसला गेला आणि त्याची वसुली दोघांकडूनही झाली, बँकरांकडूनही आणि शिंप्यांकडूनही. "बँका ज्यांच्या मालकीच्या" हे आपणही किती सहज बोलून जातो, हे मला त्या वाड्यात उभी असताना जाणवले. मीही शाळेत तसेच बोलत असे.

प्रवेशद्वारापाशी एक शिलालेख आहे, त्यावर चौघांची नावे आहेत. मी गेले त्या दिवशी लोक तिकीट खिशात ठेवत त्याच्याजवळून पुढे जात होते. पहिल्या खेपेला मीही तशीच गेले होते.

मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा तिथे जाऊ. जिने बरेच आहेत, तेव्हा बाबांनी गुडघ्याचा पट्टा विसरू नये. आई, पक्ष्यांच्या थाळ्यांचे फोटो सोबत पाठवते आहे.

तुमची,
नंदा