काळी रेघ तशीच ठेवल्याबद्दल

सोलापूर

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही मागच्या वेळी बजावलंत, म्हणून नुसतं मॅडम. तुमच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून ज्यांच्या पोरांनी खालच्या रसवंतीची घुंगरं ऐकली आहेत, ते ओळखतीलच.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं झाली. उजेडाखाली टॉवेल पसरायचा, किनार अंगठ्याखालून सरकवायची, तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग शोधायचा आणि माल फर्स्ट की सेकंड ते ठरवायचं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, आमच्या गड्ड्याला, गेलो होतो. पाळण्यात लेक माझ्या समोर बसली होती, पाळणा वर गेला तशी तोंड उघडून किंचाळली, आणि खालच्या दाढेत भरलेल्या सिमेंटच्या कडेला मला काळी रेघ दिसली. पाळणा खाली येईस्तोवर मी ती दाढ सेकंडमध्ये काढून मोकळा झालो होतो.

लेकीच्या तीन दाढा दोन वर्षांपूर्वी भरल्या होत्या, ही त्यांतलीच एक. लेक तेव्हा साडेचारची. काळी रेघ दिसल्यावर आम्ही आधी एका दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथे अर्ध्या मिनिटात निकाल लागला: तिन्ही दाढांचं सिमेंट काढून पुन्हा भरायचं, आणि पोरगी बसणार नाही म्हणून भूल देऊन. खर्च ऐकून मी गप्प झालो. त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण घरी दोन पक्ष पडले. आईचं म्हणणं, "दुधाचे दात हैत, पडणारच हैत की. कशाला पोरीला झोपवून कापताय?" बायकोचं म्हणणं, काळं झालंय म्हणजे किडलंय, उद्या ठणकायला लागलं की रात्री दोन वाजता कुणाकडे जायचं? मी चेकर असून मला काही ठरवता येईना.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही आधी आईला उत्तर दिलंत. मागच्या दुधाच्या दाढा पडायला दहा ते बारा वर्षांचं वय उजाडतं. म्हणजे लेकीला अजून चार-पाच वर्षं याच दाढांवर भाकरी खायची आहे. खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागाही त्याच धरून ठेवतात. लवकर काढल्या तर मागची, सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि मग नवा दात वाकडातिकडा येतो. आणि दुधाच्या दातावरचं पांढरं कवच पक्क्या दातापेक्षा पातळ, आतली नस जवळ, म्हणून कीड लागली की पळत सुटते. आई एवढंच म्हणाली, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

नंतर जे झालं, त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही दात कोरायचं मशीन हातातच घेतलं नाहीत. आधी लेकीला ब्रश करायला लावलं, कडेला साठलेला मळ तुम्ही स्वतः पुसून काढलात. गालाच्या बाजूला कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या आणि दाढेवर हवा मारत पाचपर्यंत मोजलंत. लेकही तुमच्याबरोबर मोजत होती. मी विचारलं, वाळवता कशाला? तुम्ही म्हणालात, किडीची सुरुवात पांढऱ्या, निस्तेज चट्ट्याने होते. दात ओला असला की त्या चट्ट्यातल्या बारीक छिद्रांत पाणी भरलेलं असतं, म्हणून तो आजूबाजूच्या दातासारखाच दिसतो. वाळला की उघडा पडतो. मॅडम, ओल्या कापडावर आम्हीसुद्धा कधी चेकिंग करत नाही. एवढी साधी गोष्ट, पण दाताच्या बाबतीत ती माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

मग ती सळई. माझ्या लहानपणी दाताचे डॉक्टर टोकदार आकडा दाताच्या खाचेत खुपसायचे आणि तो अडकला की "कीड आहे" म्हणायचे. तुमच्या सळईच्या टोकाला मोहरीहून बारीक गोळी होती. ती तुम्ही सिमेंटच्या कडेवरून नुसती फिरवलीत. टोचलं की नरम पडलेला पापुद्रा फुटतो आणि नसलेला खड्डा आपणच पाडतो, शिवाय टोकदार आकडा चांगल्या दाताच्या खाचेतही अडकतोच, असं तुमचं म्हणणं. मला एकदम माझा अंगठा आठवला. नवीन पोरं किनार नखाने तपासतात आणि धागा ओढून ठेवतात. त्यांना पहिल्या आठवड्यात मी हेच ओरडत असतो.

आणि त्या काळ्या रेघेवर तुम्ही आरसा धरून मला जवळ बोलावलंत. रेघ चकचकीत होती. गोळी तिच्यावरून घसरत होती, कुठे रुतत नव्हती. दाताचा त्या बाजूचा रंग नेहमीसारखाच, आत सावली नाही. "हा डाग आहे, कीड नाही. सिमेंट आणि दात यांच्या सांध्यात बसलेला रंग. हे मी काढणार नाही." बायकोने दोनदा विचारलं, नक्की ना? तुम्ही दोनदा तेच सांगितलंत. चालू कीड बहुधा फिकट, खरखरीत, मऊ असते आणि थांबलेली कडक, काळपट, चमकणारी. आम्हा घरच्यांना नेमकं उलटं वाटतं, काळं म्हणजे भयंकर. नुसत्या डागासाठी सिमेंट उकरलं तर दर वेळी त्याच्याबरोबर चांगला दातही थोडा जातो, आणि दुधाच्या दाढेत घालवायला तेवढा दात मुळातच नसतो, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत.

मी खूश झालो आणि उठायलाच लागलो होतो. तुम्ही मात्र दुसऱ्या दाढेकडे वळलात. ही ती पांढऱ्या सिमेंटची, वरून अगदी साजूक. आम्ही घरात तिघंही हिला "बरी" म्हणत होतो. तुम्ही ती वाळवलीत, बाजूने दिवा धरलात आणि दोन दाढांच्या मधल्या भागात करडी सावली दाखवलीत. भरलेल्या दाताला पुन्हा कीड लागते ती जास्त करून तिथेच, हिरडीच्या बाजूच्या कडेला, दोन दाढांच्या फटीत. तिथे ब्रश पोचत नाही, अन्न अडकतं, आणि भरताना तो कोपरा कोरडा ठेवणंही सगळ्यात कठीण. मग छोटा एक्स-रे. लेकीला चिमटीएवढी पट्टी दातांत चावून धरायला लावली आणि वरखालच्या दाढा एकाच चित्रात आल्या.

एक्स-रेवर मला दोन काळ्या जागा दिसल्या. मी म्हणालो, बघा, इथेही आहे. इथे तुम्ही मला थांबवलंत. सिमेंटच्या खाली दातालगत असलेली ती बारीक, सरळ, एकसारखी काळी रेघ ही दाताला सिमेंट चिकटवण्याच्या थराची असू शकते, तो थर एक्स-रेवर काळाच दिसतो. दुसरी जागा हिरडीकडच्या कडेला, पसरट, कडा विरघळल्यासारखी. ती कीड. चित्र एकच, काळा रंग एकच, आणि एकीला हात लावायचा नाही, दुसरीला लावायचा. त्या दिवशी माझ्या एकोणीस वर्षांच्या डोळ्यांचा माज उतरला म्हटलं तरी चालेल.

निघताना मी विचारलं होतं, मग आधीच्या ठिकाणी तिन्ही काढायला का सांगितलं? तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत. म्हणालात, भरलेला दात तपासायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. एक जागतिक दंत महासंघाची, एफडीआयची. तिच्यात भरलेल्या सिमेंटचा रंग, चकाकी, कड, फट, सगळं पाहतात. दुसरी कार्स नावाची, ती शून्य ते सहा आकड्यांत फक्त किडीचा प्रश्न विचारते. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या डॉक्टरांनी मुलांच्या दुधाच्या दातांवर या दोन पद्धती समोरासमोर ठेवून अभ्यास केला, तोही तुम्ही सांगितलात. सिमेंटचा प्रत्येक दोष म्हणजे कीड असं धरलं तर मशीन लवकर हातात येतं, एवढंच तुमचं म्हणणं. आमच्याकडे एक्स्पोर्टचा चेकर आणि लोकल मालाचा चेकर एकाच टॉवेलला वेगळा शिक्का मारतात, ते मी रोज बघतो. पण टॉवेल सेकंडमध्ये गेला तर कुणाचं काही दुखत नाही.

तिसरी दाढ, तिची कड जराशी उडाली होती. तेवढीच घासून, तेवढंच सिमेंट लावून तुम्ही दहा मिनिटांत संपवलंत. ती दाढ भरलेली होती हेही आता आम्ही विसरलोय.

साजूक दाढेला स्टीलची कॅप. मी सुईच्या भीतीने आधीच लेकीचा हात घट्ट धरला होता. तुम्ही एक्स-रेवर दाखवलंत की कीड आणि नस यांच्यामध्ये अजून चांगल्या दाताचा पट्टा शिल्लक आहे. लेकीला रात्रीचं ठणकत नव्हतं, हिरडीवर फोड नव्हता. म्हणून सुई नाही, कोरणं नाही. दाढेच्या दोन्ही बाजूंना रबराच्या बारीक रिंगा अडकवून चार दिवसांनी बोलावलंत, जागा झाली, आणि कॅपमध्ये सिमेंट घालून ती दाढेवर दाबून बसवलीत. कीड आत बंद झाली की तिचं खाणं तुटतं. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांनी आपल्या दवाखान्यात ही पद्धत वर्षानुवर्षं वापरली आणि २००६ मध्ये त्यांच्या नोंदी छापून आल्या, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं, असं तुम्ही सांगितलंत. दोन-तीन आठवडे लेक म्हणायची, बाबा, दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. मग ते आपोआप बसलं. आता पहिलीच्या वर्गात ती "चांदीची दाढ" दाखवत फिरते आणि दोन मुलींना तशीच हवी आहे, हे तुमच्या कानावर घालतो.

कीड परत लागली त्यात सिमेंटचा दोष थोडा, घराचा जास्त, हेही तुम्ही सांगितलंत, पण आम्हाला शरम वाटेल अशा सुरात नाही. भरलेल्या दाताला लागलेली कीड ही शेजारच्या न भरलेल्या दाताला लागते तशीच नवी कीड. तोंड तेच, सवयी त्याच. आई रात्री झोपताना गूळ-शेंगा द्यायची. तुम्ही बंद करा म्हणाला नाहीत, जेवणाबरोबर द्या म्हणालात, ब्रशनंतर काही नको. आईने ते मानलं याचं मला अजून नवल वाटतं. पेस्ट हजार पीपीएम फ्लोराइडची, वाटाण्याएवढी, आणि घासणार मोठं माणूस. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या दिवशी आमच्याकडे सगळं घर हंडे-बादल्यांमागे असतं आणि पोरीचा ब्रश हमखास राहतो, हे मी कबूल केलं तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, "माझ्या घरीही राहतो." आणि फटीत दोरा फिरवायचा. मॅडम, सगळा जन्म धाग्यात गेला, पण धागा दातांच्या मधून फिरवायचा असतो हे मला चाळिशीत कळलं.

त्याच दिवशी आमच्यानंतर पूर्व भागातली एक आजी नातवाला घेऊन आली होती. तिच्याशी तुम्ही तेलुगूत बोललात आणि पुन्हा तेच, ब्रश, कापूस, हवा, पाचपर्यंत मोजणी. बाहेर बारा जण बसले होते. मी मोजले, सवय आहे. तुम्ही घाई केली असती तर कुणी काही म्हणालं नसतं.

बायको अजून महिन्यातून एकदा टॉर्च लावून ती काळी रेघ बघते. वाढली नाहीये. तुम्ही काढलेला फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे, ती शेजारी धरून ताडून पाहते आणि मग टॉर्च बंद करते.

कार्डावर पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. येतोच. आईने शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवायचं ठरवलंय, नाही म्हणू नका. माझ्याकडून हात पुसायला दोन टॉवेल आणतोय. फर्स्टचे आहेत, कोरड्या उजेडात मी स्वतः बघितलेत.

आपला,
चांदीच्या दाढेचा बाप