कडी न लावलेलं दार

ती. बाबा आणि ती. आईस,

शि. सा. नमस्कार, वि. वि.

काल विद्यापीठाचं पत्र आलं. आधी तेच सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. माझ्यावर कुठलाही ठपका नाही. कॉपीच्या संशयावरून चाललेली चौकशी संपली, राखून ठेवलेला निकाल लागला आणि संख्याशास्त्रात मी 100 पैकी 68 गुण मिळवून पास झाले.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण बाबा, तुम्ही दोघं माझ्याकडून निघून गेलात आणि गेले 19 दिवस मी फोन केला की तुम्ही एकच वाक्य बोलता, "माझ्यामुळे तुझं वर्ष जाणार," आणि मी तोंड उघडायच्या आत फोन आईच्या हातात देता. आईला फोनवर धड ऐकू येत नाही, ती नुसतं "हो, हो" म्हणत राहते. म्हणून लिहायला बसले. बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

त्या दिवशी दाराआड काय चाललं होतं ते तुम्हाला कळलं नाही. घरून ऑनलाइन द्यायचा तो पेपर दहाचा होता, पण मी साडेनऊलाच लॉग इन केलं, कारण परीक्षेआधीची तपासणीच अर्धा तास चालते. आधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं. मग लॅपटॉप उचलून खोलीच्या चारी भिंती, छत, टेबलाखालची जमीन दाखवायची. चष्मा काढून त्याच्या दोन्ही काड्या कॅमेऱ्याजवळ न्यायच्या, केस मागे घेऊन कान दाखवायचे, बाह्या कोपरापर्यंत सारायच्या. लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली असली तर ती त्याच्याच कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून हातात आरसा धरून पडद्याचं प्रतिबिंब दाखवायचं. आई, तुझा छोटा आरसा त्यासाठी मागितला होता. तू विचारलंस, "परीक्षेला आरसा कशाला?" आणि घाईत मी उत्तरच दिलं नव्हतं.

नंतर दूर कुठेतरी बसून इंटरनेटवरून लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाने माझ्या स्क्रीनचा ताबा घेतला. माझा हात माउसवर नव्हता आणि पडद्यावरचा बाण आपला आपण फिरत होता, एकेक प्रोग्रॅम उघडून बघत होता, बंद करत होता. तो माणूस कुठे बसला आहे, त्याच्यासमोर माझ्यासारखे आणखी किती चेहरे आहेत, काही कळायला मार्ग नाही. बोलणं फक्त चॅटच्या चौकटीत. फोन बाजूला स्टँडवर लावला होता, त्यात माझे हात आणि टेबल दिसत होतं. परीक्षेचा ब्राउझर एकदा सुरू झाला की दुसरी खिडकी उघडत नाही, काही कॉपी करता येत नाही. इंटरनेटची काळजी वेगळीच. एरवी आपण डाउनलोडचा वेग बघतो, पण इथे माझं चित्र आणि आवाज सतत बाहेर जात असतात, म्हणून अपलोडचा वेग चांगला लागतो. त्यासाठी वायफायवर न विसंबता लॅपटॉपला केबल लावली होती. तिच्यात पाय अडकेल म्हणून बाबा, तुम्ही ती भिंतीकडेने चिकटपट्टीने बसवून दिलीत.

आणखी एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. प्रश्न दोनदा वाचायचा, एकदा ओठांत, एकदा मनात, ही सवय तुम्ही लावलेली. तिसरीपासून मी प्रत्येक पेपर तसाच सोडवला. इथे ओठ हलले की परीक्षेवर नजर ठेवणारं यंत्र नोंद करतं, कारण कोणी कानात सांगतंय किंवा आपण कोणाला प्रश्न वाचून दाखवतोय असा त्याचा समज होतो. सराव परीक्षेत माझ्या नावावर अशा 4 नोंदी पडल्या. मग महिनाभर मी ओठ मिटून वाचायला शिकले. वयाच्या 44 व्या वर्षी वाचायला नव्याने शिकणं फार जड गेलं. तुमचा आवाज डोक्यातून काढून टाकल्यासारखं वाटायचं.

आता त्या प्रसंगाबद्दल. पेपर सुरू होऊन 1 तास 40 मिनिटं झाली होती. मी बेझच्या प्रमेयावरचं गणित सोडवत होते आणि मला आईचा आवाज आला. आई, तू गुणगुणत होतीस. काळजी लागली की तू गुणगुणतेस, हे मी जन्मापासून ऐकत आलेय. पण त्या दिवशी तुझ्या कानात श्रवणयंत्र नव्हतं. ते कधी कधी शिट्टी वाजवतं, ती माझ्या माइकमध्ये जाईल म्हणून तू ते काढून डब्यात ठेवलं होतंस. माझ्यासाठी तू पूर्ण शांततेत बसलीस, आणि म्हणून तुला तुझाच आवाज ऐकू आला नाही. बाबा, तुम्ही दारापाशी खुर्ची टाकून राखण करत होता. तिला खूण करायला तुम्ही घाईने उठलात, दाराचा आधार घेतलात, आणि दार उघडलं.

पुढचं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. तुमचा तोल सावरला, तुम्ही लॅपटॉपकडे पाहिलंत आणि त्या कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात जोडलेत. म्हणालात, "माफ करा, चूक माझी आहे. तिची काही चूक नाही."

बाबा, मार्कांचं, वर्षाचं, कशाचंही मला एवढं लागलं नाही. तीस वर्षं ज्यांनी परीक्षेच्या हॉलमध्ये दुसऱ्यांच्या मुलांवर पर्यवेक्षण केलं, ते माझे वडील एका न दिसणाऱ्या पर्यवेक्षकापुढे हात जोडून उभे होते. मी मान वळवून तुमच्याकडे बघू शकत नव्हते, बोलू शकत नव्हते, उठून तुमचा हात धरू शकत नव्हते, कारण त्यातलं काहीही केलं असतं तर ते आणखी एक नोंद झालं असतं. तुम्ही दार ओढून घेतलंत. चौकटीत संदेश आला, काम थांबवा, खोली पुन्हा दाखवा. परत चारी भिंती, परत टेबलाखाली, परत कान. यात 11 मिनिटं गेली आणि घड्याळ चालूच होतं. शेवटचा 5 गुणांचा उपप्रश्न त्यामुळे राहिला. त्या 11 मिनिटांसाठी मी वेगळा अर्ज केला आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्ही धरून बसला आहात की यंत्राने पकडलं म्हणजे गुन्हा दाखल झाला. तसं नाही. यंत्र फक्त खूण करतं. दुसरा चेहरा दिसला, दुसरा आवाज आला, नजर बराच वेळ पडद्याबाहेर गेली, की त्या क्षणावर खूण पडते. पर्यवेक्षक त्याच्याजवळ आपली नोंद लिहितो. निर्णय मात्र विद्यापीठाची माणसं चित्रफीत पाहून घेतात. माझ्या पेपरवर एकूण 7 खुणा होत्या. त्यातली फक्त एक तुमची आणि एक आईची. उरलेल्या 5 माझ्या स्वतःच्या, आकडेमोड करताना मी छताकडे बघते त्याच्या. म्हणजे तुम्ही दोघं घरात नसतात तरी माझा पेपर चौकशीला गेलाच असता. हे वाक्य दोनदा वाचा.

आणि मी ज्या गणितावर अडले होते त्याच गणिताने मला नंतर धीर दिला. बेझचं प्रमेय म्हणजे नवा पुरावा हाती आला की आपला अंदाज किती बदलायचा त्याचं गणित. ते ज्यात आहे तो थॉमस बेझचा निबंध 1763 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापला गेला, आणि आजही संख्याशास्त्राचा विद्यार्थी त्याच्याशी झगडतो. समजा, 1000 जण परीक्षेला बसले आणि त्यातले 10 जण खरोखर कॉपी करतात. समजा यंत्र चांगलं आहे, 10 पैकी 9 जणांना पकडतं, आणि प्रामाणिक मुलांपैकी फक्त 100 तल्या 5 जणांवर चुकून खूण करतं. प्रामाणिक मुलं 990, त्यांचे 5 टक्के म्हणजे जवळजवळ 50. एकूण खुणा पडल्या 59 जणांवर, आणि त्यातले 50 निर्दोष. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण कॉपी करणारे थोडे असले की गणित असंच वळतं. चांगलं यंत्रसुद्धा बहुतेक वेळा निर्दोष माणसाकडेच बोट दाखवतं. म्हणून खूण म्हणजे पुरावा नव्हे, आणि म्हणून शेवटी चित्रफितीसमोर माणूसच बसायला हवा. खुलाशाच्या पत्रात मी हे गणित घातलं नाही. तिथे फक्त घडलं ते लिहिलं, वेळेसकट. आईचं यंत्र, तुमचा तोल, न लावलेली कडी. दोन पानं झाली.

बाबा, तुम्ही एकदा सांगितलं होतंत की तुम्ही हॉलमध्ये पुढे उभे राहायचा नाहीत, मागे राहायचात. मागून मुलांचे खांदे दिसतात, आणि कॉपी करणाऱ्याचे खांदे वेगळे असतात, घाबरलेल्याचे वेगळे. पुढून बघितलं तर दोघांचेही डोळे सारखेच भिरभिरतात. त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कॅमेरा नेमका पुढेच बसलेला असतो.

तरी मी या परीक्षेच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट लिहिते. पर्यवेक्षण नसलेल्या परीक्षेच्या पदवीला कोणी विचारत नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले. 2020 मध्ये महासाथीत परीक्षा केंद्रं बंद झाली आणि अनेक विद्यापीठं घाईघाईने या पद्धतीकडे वळली. पण त्यामुळेच माझ्यासारख्यांना वाट मिळाली. नोकरी सोडून, तुम्हा दोघांना ठेवून मी दूरच्या केंद्रावर जाऊन परीक्षा देऊ शकले नसते. या पद्धतीशिवाय मी प्रवेशच घेतला नसता. मला राग आहे तो एवढाच की घराचा परीक्षेचा हॉल करताना घरात माणसं राहतात हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. ज्याच्याकडे वेगळी खोली आहे, दाराला कडी आहे, घरात कोणी आजारी नाही, त्याच्यासाठीच ते नियम सोपे आहेत.

तुम्ही निघायच्या आदल्या रात्री विचारलं होतंत, कोणी असं घरात डोकावू शकतं का? मी शोधून काढलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने फेब्रुवारी 2021 मध्ये रसायनशास्त्राच्या ऑनलाइन परीक्षेआधी एका विद्यार्थ्याला त्याची झोपायची खोली कॅमेऱ्यावर दाखवायला लावली. मिनिटभराचंही काम नव्हतं. तो न्यायालयात गेला. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने सांगितलं की सरकारी विद्यापीठाने अशी खोली बघणं ही घराची झडतीच आहे, आणि ती त्यांच्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीविरुद्ध, म्हणजे अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या कलमाविरुद्ध आहे. तो निकाल तिथला, आपल्याला लागू नाही. पण तुमचा प्रश्न म्हाताऱ्या माणसाचा भाबडा प्रश्न नव्हता, एवढं कळावं म्हणून लिहिलं.

आणि ती कडी. तुम्ही दोघं तीच धरून बसला आहात, "आतून कडी लावायला सांगायला हवी होती." बाबा, परीक्षेच्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं की दार आतून बंद ठेवावं. मी ते वाचलं होतं आणि तरी कडी लावली नाही. तुम्हाला चक्कर येते, आईला हाक ऐकू येत नाही. तुम्ही दोघं बाहेर आणि मी तीन तास कडी लावून आत, हे मला मान्य नव्हतं. तो निर्णय माझा होता, पूर्ण विचार करून घेतलेला. दार उघडलं ते मी ते उघडं राहू दिलं म्हणून. त्यात तुम्ही माफी मागण्यासारखं काही नाही, ना माझी, ना त्या कॅमेऱ्याची.

पुढचा पेपर येत्या 22 तारखेला आहे. या वेळी मी आधीच विद्यापीठाला कळवलं आहे. घरात दोन वयस्क माणसं असतील, एकाला श्रवणयंत्र आहे, दाराला कडी लावली जाणार नाही. ही नोंद पर्यवेक्षकाला पेपरच्या आधी दाखवू, असं त्यांचं उत्तर आलंय, ते मी छापून ठेवलंय. आई, तू यंत्र कानातच ठेव. शिट्टी वाजली तर वाजू दे. बाबा, खुर्ची दारापाशीच टाका, फक्त हाताची टाका, म्हणजे उठताना आधार राहील. ती मी आणून ठेवली आहे.

21 तारखेला दुपारी मी तुम्हाला न्यायला येते. त्या वेळी नाही म्हणू नका.

तुमची,
थोरली