एल्मची राखण देशानेच करायला हवी

प्रति,
माननीय कृषी व निसर्ग मंत्री,
नेदरलँड्स सरकार, द हेग

विषय : एल्म वृक्षांच्या रोगासाठी देशभर एकच नियम व पाहणी सुरू करण्याबाबत

स. न. वि. वि.

या पत्राची डच प्रत आपल्या खात्याकडे पाठवली आहे. इथे मराठीत लिहिते आहे, कारण अॅम्स्टरडॅम आणि आसपास आता आपली मराठी माणसं बरीच राहतात, अंगणात झाडं लावतात, शेकोटीसाठी लाकूड घेतात. एल्म हा इथल्या रस्त्यांवर आणि कालव्यांवर उभा असलेला वृक्ष, आणि बुरशीमुळे तो मरतो; हा विषय त्यांच्याही दारातला आहे.

'कॉमेलिन' हे नाव आपल्या खात्यातल्या जुन्या माणसांना नक्की आठवत असेल. वागेनिंगेनच्या संशोधकांनी संकरातून तयार केलेला हा एल्म १९६० साली लागवडीसाठी आला. पहिल्या महायुद्धानंतर ज्या बुरशीने या देशातले एल्म आडवे केले, तिला तो दाद देत नव्हता. भरभर वाढायचा. साहजिकच रस्तोरस्ती त्याच्या रांगा लागल्या, आणि हापूसच्या कलमांसारखी ती सगळी झाडं मुळात एकाच झाडाची. मग १९७० च्या दशकात त्याच रोगाची दुसरी, कितीतरी जहाल बुरशी पसरली आणि तिच्यापुढे कॉमेलिनचा टिकाव लागला नाही.

संशोधकांना मी दोष देत नाही. रोगाचं मूळ शोधून काढलं ते याच देशातल्या बेआ श्वार्त्स आणि क्रिस्टीन बाउस्मान यांनी, योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत. त्यांच्या कामाला तोड नाही. पण चांगला वाण हाती आला की माणसं राखणीत ढिली पडतात, ही माझी खरी तक्रार आहे.

रोग पसरवणारा भुंगेरा काही मिलिमीटरचा. तो कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यात कुरतडतो, अंगावरची बुरशी तिथे सोडतो. तिला अडवताना झाड स्वतःच्याच पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवून घेतं. ऐन जूनमध्ये एखादीच फांदी पिवळी पडते, शेंड्याची डहाळी आकड्यासारखी वळते. ती आडवी कापली की सालीलगत तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसतं. असं झाड लगेच तोडून त्याची साल काढावी लागते, नाहीतर भुंगेऱ्याची पुढची पिढी त्याच सालीखाली वाढते. शेजारच्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असतील, तर भुंगेऱ्याचीही गरज उरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात घराजवळच्या एका गावात सालीसकट एल्मचे ओंडके रस्त्याकडेला अनेक आठवडे पडून होते. कुणाकडे तक्रार करावी, तेच कळेना. अॅम्स्टरडॅम आपली झाडं दर उन्हाळ्यात तपासतं, रोगट झाड काढतं, म्हणून इथल्या कालव्यांवर आजही हजारो एल्म उभे आहेत. पण भुंगेऱ्याला हद्द कळत नाही. पूर्वी या कामामागे केंद्र सरकार होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मागे सरलं आणि सगळं ज्या त्या नगरपालिकेच्या इच्छेवर आलं.

आज 'लोबेल', 'कोलुमेला' यांच्यावर भरवसा ठेवला जातो. या दोन्ही वाणांत हिमालयातल्या एल्मचा वंश आहे, याचं मला भारतीय म्हणून फार अप्रूप वाटतं. तिथेही या बुरशीची एक बहीण आहे. १९९५ साली तिची शास्त्रीय नोंद झाली. तिच्या सोबतीने तो एल्म पिढ्यानपिढ्या जगत आला आहे. मात्र चाऱ्यासाठी त्याच्या फांद्या सतत छाटल्या जातात आणि त्याची संख्या घटते आहे. ज्या झाडाने आपले रस्ते सावरले, त्याच्या जतनासाठी आपल्या खात्याने हात पुढे करावा, असं मनापासून वाटतं.

पण आधी घरचं. सालीसकट एल्मचं लाकूड साठवायला आणि विकायला देशभर बंदी असावी. दर उन्हाळ्यात पाहणी सक्तीची व्हावी, आणि लहान नगरपालिकांना तिचा खर्च केंद्राने द्यावा. नव्या लागवडीत एका रस्त्यावर एकच वाण लावू देऊ नये. पुढच्या जूनआधी निर्णय झाला, तर येत्या हंगामातलीच बरीच झाडं वाचतील.

कळावे,
आपली,
अॅम्स्टरडॅमची एक मराठी रहिवासी