‘संशयाचा फायदा’ घेतला म्हणजे काय घेतलं?

संपादक महोदय,

गेल्या बुधवारच्या आपल्या अंकात आतल्या पानावर दोन ओळींची बातमी होती: खून खटल्यातला आरोपी ‘संशयाचा फायदा घेऊन सुटला’. घेऊन! जणू रांग मोडून रॉकेल घेतलं. मी सत्र न्यायालयात 31 वर्षं लघुलेखक होतो. ‘बियाँड रीझनेबल डाउट’, म्हणजे गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हायला हवा, शंका उरली तर आरोपी सुटतो; हे शब्द इतक्यांदा घेतले की शेवटी शॉर्टहँडमध्ये त्यांच्यासाठी एकच खूण ठरवून टाकली होती. म्हणून हा शब्द टोचला.

योगायोग असा की त्याच रात्री घरी ‘एक रुका हुआ फैसला’ पाहिला. ‘12 अँग्री मेन’ या 1957 च्या अमेरिकन चित्रपटाचा हा हिंदी अवतार. बापाच्या खुनाचा आरोप असलेला पोरगा, बंद खोलीत बारा ज्यूरर (दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेले सामान्य नागरिक, त्यांची मिळून ज्यूरी), पहिल्याच मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणून मोकळे. बारावा काही ‘निर्दोष’ म्हणून छाती ठोकत नाही, त्याला फक्त खात्री वाटत नाही. अंथरुणातून खून पाहिल्याचं सांगणाऱ्या साक्षीदार बाईच्या नाकावर चष्म्याचे वण होते, हे पुढे एकाच्या लक्षात येतं. झोपायला आडवी झालेली बाई चष्मा लावून असेल कशाला? तेवढ्याने पोरगा निर्दोष ठरत नाही, साक्ष मात्र लंगडी पडते. (तो एकटा ज्यूरर खिशातून खुनातल्या चाकूसारखाच चाकू काढतो, ते नियमात बसत नाही. कोर्टात न आलेला पुरावा ज्यूररने बाजारातून आणायचा नसतो. पण मग नाट्य कुठून येणार!)

सिनेमा संपल्यावर सौ. म्हणाली, “म्हणजे खरा खुनी सुटलाही असेल ना?” असेलही. खून कोणी केला हे शेवटपर्यंत कळतच नाही.

आपल्याकडे ज्यूरी मी पाहिलेली नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही, म्हणजे 1986 मध्ये हा हिंदी सिनेमा आला तेव्हाही ती नव्हतीच. होती तेव्हाही अमेरिकेसारखं एकमत लागत नसे. 1908 मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्यांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. लेख ‘केसरी’तले, मराठीतले, आणि ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठीचा गंध नाही! दोघांची शंका बाजूला पडली आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खून खटल्यात उलटं झालं. आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष, आणि तो कौल हायकोर्टाने फिरवला. तेव्हा ज्यूरी परत आणा असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं त्या ‘फायदा’ शब्दाबद्दल आहे. आमच्याकडे कोयत्याने झालेल्या खुनाचा एक खटला चालला होता. नेत्रसाक्षीदार शपथेवर सांगत होता, खांबावरच्या दिव्याच्या उजेडात आरोपीला ओळखलं, वेळ रात्री साडेनऊची. बचावाच्या वकिलांनी वीज मंडळाच्या उपकेंद्रातलं रजिस्टर मागवलं. ते घेऊन आलेला ऑपरेटर इतका घाबरला होता की पान उलटताना बोट तोंडात घालायचं विसरून नुसताच कागद खरवडत होता. नोंद होती: फीडर (त्या भागाची वीजवाहिनी) रात्री 8.10 ला बंद, 11.40 ला चालू. मुद्देमालातला कोयता लाखेच्या सीलसह टेबलावर तसाच पडून होता. कोणी बराच वेळ काही बोललं नाही.

तो माणूस सुटला. पुन्हा तीच बातमी, संशयाचा फायदा. निकालाची सर्टिफाइड नक्कल न्यायला आला तेव्हा कात्रण त्याच्या खिशात होतं. मला म्हणाला, “भाऊसाहेब, चौदा महिने कच्चा कैदी होतो. ह्यात माझा फायदा कुठं लिहिलाय तेवढं दाखवा.” गावात लोक म्हणत होते, सुटला खरा, पण केलं त्यानंच. पेपरातही तसंच छापून आलंय, असंही म्हणत होते.

कायद्यातला शब्द आपण बदलू शकत नाही, हे मला कळतं. पण बातमी लिहिताना ‘सरकारपक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, आरोपी निर्दोष’ एवढं लिहायला जागा फारशी लागत नाही. आणि जमल्यास, अटकेची बातमी ज्या पानावर फोटोसकट छापली, सुटकेचीही त्याच पानावर घ्या. बुधवारच्या बातमीतला तो माणूस अटकेच्या वेळी पहिल्या पानावर आला होता, त्या दिवशीचा अंकही माझ्याकडे आहे.

– एक निवृत्त लघुलेखक, कराड