सलाईन आधी मागतं कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला, पाणी गढूळ झालं, की आपल्या मराठवाड्यात लेकरांचे जुलाब आणि डॉक्टरांवरची टीका बरोबरच सुरू होते. टीका चुकीची नाही. तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. दोन वर्षांच्या लेकराच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक हमखास असतं. ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पुडी, असेलच असं नाही, झिंकचं (जस्ताचं) औषध तर क्वचितच.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्येच सांगून ठेवलंय, की जुलाबात ओआरएस द्या आणि सोबत १० ते १४ दिवस झिंक. अँटिबायोटिक सरसकट नाही. शौचातून रक्त पडत असेल किंवा कॉलराचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांना हे पाठ असतं. मग चिठ्ठीवर का उतरत नाही?

'कमिशन' हे आपलं ठरलेलं उत्तर. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास मात्र वेगळंच सांगतो. कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ शहरांत संशोधकांनी आपली माणसं बाप म्हणून खासगी दवाखान्यांत पाठवली. लेकरू घरी आहे, जुलाब होताहेत, एवढंच सांगायचं. काहींनी ओआरएस मागितलं, काहींनी अँटिबायोटिक. काही म्हणाले, औषध दुसरीकडून घेऊ. म्हणजे विक्रीतल्या नफ्याचा प्रश्नच मिटला. ओआरएस न देण्यामागे पैशाचा वाटा निघाला ५ टक्के, साठा नसण्याचा ६. आणि 'रुग्णाला ते नकोच असतं' या डॉक्टरांच्या समजाचा ४२ टक्के! ज्यांनी तोंडानं मागितलं, त्यांच्यात शंभरामागे २७ जास्त जणांना ते मिळालं.

पैसा अगदीच निर्दोष सुटला, असं मी म्हणणार नाही. लेकरूच सोबत नव्हतं, तेव्हा खाट आणि सलाईनचं बिल त्या हिशेबात आलंच नाही. पण समजाचं म्हणाल, तर तो आपणच करून दिलाय. 'एवढ्या लांबून आलो अन् नुसती पुडी?' हे वाक्य माझ्या काउंटरवर नेहमीचं. पुडी देणाऱ्याच्या हाताला गुण नाही म्हणत लोक दुसरा दवाखाना गाठतात. नव्यानं पाटी लावलेल्या डॉक्टरला हे परवडत नाही. ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत, अंगातलं पाणी टिकतं. हे समजावायला पाच मिनिटं लागतात आणि बाहेर बाकडं भरलेलं असतं.

असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी नातेवाइकांच्या हाती देऊन हजारो जीव वाचवले. आशाताई त्याची पुडी आज फुकट देतात.

आपल्या दैनिकात आरोग्याचं पान असतं. तिथं पावसाळाभर एक चौकट छापावी: 'डॉक्टरसाहेब, ओआरएस आणि झिंक लिहून द्या' असं आधी म्हणा. पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या (मोठी असेल तर एक लिटर) स्वच्छ पाण्यात कालवा, २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. लेकरू सुस्त पडलं, पाणीही पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, तर मात्र वेळ न घालवता दवाखान्यात न्या. तिथं सलाईन लागतंच.

आपला,
एक औषधविक्रेता, जि. बीड