वेदीची वस्त्रं आमच्या हातची, मग वेदीजवळ आमच्या मुली का नकोत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी वसईची कॅथलिक बाई, आणि गेली अठरा वर्षं आमच्या चर्चमधली वेदीची वस्त्रं पाळीपाळीने माझ्याकडे धुवायला येतात. मिस्सात, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेत, द्राक्षारसाचा प्याला पुसायचं एक छोटं पांढरं कापड असतं, त्यावर ख्रिस्तरक्ताचा, म्हणजे त्या पवित्र झालेल्या द्राक्षारसाचा, थेंब राहिला असेल म्हणून ते आधी वेगळ्या भांड्यात खळबळायचं आणि ते पाणी मोरीत नाही सोडायचं, झाडाच्या मुळाशी घालायचं, मी जास्वंदीला घालते, मग साबण, मग स्टार्च, मग इस्त्री आणि तीन पदरी घडी. हे मला सासूबाईंनी शिकवलं आणि आता माझी अकरा वर्षांची भाची शेजारी बसून शिकतेय. तिनेच जूनमध्ये चर्चमध्ये विचारलं, मला वेदीवर सेवा करायचीय, म्हणजे मिस्सात मेणबत्ती, पुस्तक धरून फादरांच्या हाताशी राहायचंय, नाव घ्याल का? उत्तर आलं, आपल्याकडे मुलींना घेत नाहीत, तू क्वायरमध्ये, गाणाऱ्यांत, जा. तिच्याच वर्गातल्या दोन मुलांची नावं त्याच दिवशी लिहून घेतली. घरी येऊन ती काही बोलली नाही, नुसतं ते कापड हातात घेऊन बसली.

आता मला हे म्हणायचंय की ही बंदी रोमची नाही. मुलींनी वेदीवर सेवा करायला हरकत नाही हे व्हॅटिकनने 1994 सालीच कळवलंय, फक्त परवानगी त्या त्या बिशपांवर सोडली, आणि 2001 मध्ये आणखी सांगितलं की बिशपांनी हो म्हटलं तरी एखाद्या फादरांवर सक्ती करता येणार नाही. झालं, सगळं तिथेच अडलं! एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, चालतं आणि दुसऱ्यात नाही, फादर बदलले की नियम बदलतो. बरं, वाचक (मिस्सात बायबल वाचणारा) आणि वेदीसेवक ही रीतसर दिली जाणारी सेवापदं 1972 पासून फक्त पुरुषांसाठी होती, तीही पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2021 मध्ये चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन 230, बदलून बायकांना खुली केली. आमच्या चर्चमध्ये हे कुणी वाचून दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.

पवित्र गुरुवारचं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारचं, तेच. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या दिवशी फादर लोकांचे पाय धुतात. या विधीत बायकांनाही घेता येईल असं 2016 मध्ये रोमहून लेखी आलं. त्याआधी 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात मुलींचे पाय धुतले होते, त्यातली एक तर मुसलमान होती, आणि 2024 मध्ये रोमच्याच रेबिबिया महिला तुरुंगात बाराच्या बारा बायकाच होत्या. आमच्याकडे अजून बारा खुर्च्यांवर बारा पुरुष, आणि त्यांचे पाय पुसायचे टॉवेल आदल्या रात्री आम्ही इस्त्री करून ठेवलेले.

लोक लगेच म्हणतात, आज वेदीवर आल्या तर उद्या फादर व्हायचं म्हणतील. स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1994 मध्येच लिहिलंय, ते मला माहितीये आणि या पत्रात मी तो विषय काढतही नाही. जे देऊन झालंय तेवढंच मागतेय. दुसरं म्हणतात मुली आल्या की मुलगे येईनासे होतात, मग फादर कुठून मिळणार? अहो, बहिणीच्या शेजारी मेणबत्ती धरून उभं राहिल्याने ज्याचं देवाचं बोलावणं विरतं त्याचं बोलावणं ते केवढं!

येशूची कबर रिकामी आहे ही बातमी शिष्यांना पहिल्यांदा त्याच्या मागे चालणाऱ्या मरिया माग्दालेनाने दिली आणि 22 जुलैला चर्च तिचा सण प्रेषितांची प्रेषित म्हणून साजरा करतं. आणि आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना तर लांब जायची गरजच नाही, पंडिता रमाबाई आहेत. त्या आपल्या कॅथलिक नव्हत्या पण 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी मुलग्यांना शिकवू नये म्हणून बिशप लोक आडवे आले, तेव्हा त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं की मी मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही. त्याच बाईंनी पुढे केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. बायबल बाईने आणलेलं चालतं, मग वेदीवर ते पुस्तक धरून उभी राहिलेली पोर का चालत नाही?

बिशपांना माझी हात जोडून विनंती आहे की याबद्दल एक परिपत्रक काढावं, मराठीत, आणि ते रविवारच्या सगळ्या मिस्सांमध्ये वाचलं जावं, म्हणजे फादरांवर सक्ती नसली तरी परवानगी आहे हे निदान प्रत्येक पोरीला कळेल. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नावं घेतील तेव्हा भाचीचा हात धरून मी स्वतः सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीची वस्त्रं ठेवतात त्या खोलीच्या, दारात उभी राहणार आहे, इस्त्री केलेली वस्त्रं द्यायला नाहीतरी मला तिथे जायचंच असतं.

आपली,
एक वाचक, वसई